एक्स-रे निर्दोष, तरी खुबा दुखतो : ‘एव्हीएन’ वेळीच ओळखणे का महत्त्वाचे?

जांघेत सुरू झालेले दुखणे हळूहळू मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरते. काही आठवडे मलम, शेक आणि फार्मसीतून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर निभावून नेले जाते. मग कोणी मणक्यातील चकती सरकल्याची शंका घेतो, कोणी ‘सायटिका’ म्हणतो. अखेर खुब्याचा एक्स-रे काढला जातो आणि तो निर्दोष असल्याचे कळल्यावर रुग्ण व नातेवाईक दोघेही निर्धास्त होतात. पुढे काही महिन्यांनी चाल लंगडी होते, पुन्हा एक्स-रे काढला जातो आणि त्यात मांडीच्या हाडाचा गोल वरून चेपलेला दिसतो. ‘अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस’ अर्थात ‘एव्हीएन’ या आजाराचे अनेक रुग्ण याच वाटेने अस्थिरोगतज्ज्ञांपर्यंत पोहोचतात. स्वतःचा सांधा वाचवण्याची संधी ज्या महिन्यांत असते, नेमके तेच महिने या फेऱ्यांत निघून गेलेले असतात.

हा आजार म्हातारपणीच्या झिजेचा नाही. तो प्रामुख्याने तिशी ते पन्नाशीच्या वयात, म्हणजे घर ज्यांच्या कमाईवर चालते अशा स्त्री-पुरुषांना गाठतो आणि पुरुषांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. दुखापतीशिवाय झालेल्या एव्हीएनमध्ये निम्म्याहून अधिक रुग्णांचे दोन्ही खुबे बाधित होतात. त्यामुळे एका बाजूच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करणे म्हणजे पुष्कळदा दोन्ही पायांच्या भवितव्याकडे दुर्लक्ष करणे ठरते.

पाटाच्या टोकावरचे झाड

खुबा हा उखळीचा सांधा आहे. कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत मांडीच्या हाडाचा गोल बसलेला असतो. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असल्यामुळे पाय चारही दिशांना सहज फिरतो. साध्या चालीतही या गोलावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो. साठ किलो वजनाची व्यक्ती पाऊल टाकते तेव्हा तिच्या खुब्यावर दीडशे ते एकशे ऐंशी किलोंचा दाब पडत असतो.

एवढा भार पेलणाऱ्या या गोलाचा रक्तपुरवठा मात्र नाजूक असतो. मांडीच्या मुख्य रोहिणीपासून निघालेली एक शाखा हाडाच्या मानेला मागून वळसा घालते आणि तिच्यापासून फुटलेल्या बारीक वाहिन्या मानेच्या पृष्ठभागाला चिकटून वर गोलापर्यंत चढतात. गोलाच्या मध्यभागी असलेल्या अस्थिबंधातूनही एक लहान रोहिणी आत शिरते, पण प्रौढ वयात तिचा वाटा अगदी थोडा असतो. कुळागरात पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या झाडासारखी ही स्थिती आहे. वर कुठेही पाणी अडले तरी पहिला फटका त्यालाच बसतो आणि दुसऱ्या बाजूने पाणी आणण्याची सोय नसते.

रक्त थांबले की काही तासांपासून एक-दोन दिवसांत त्या भागातील अस्थिपेशी मरतात. परंतु पेशी मेल्या म्हणून हाड लगेच कोसळत नाही. हाडाची चुनखडीयुक्त चौकट जशीच्या तशी उभी असते आणि वाळलेल्या लाकडाप्रमाणे ती काही काळ भारही पेलते. खरा धोका निर्माण होतो तो शरीराने दुरुस्ती हाती घेतल्यावर. आजूबाजूच्या जिवंत भागातून नव्या वाहिन्या आत शिरू लागतात. मृत हाड कुरतडून काढणाऱ्या पेशींचे काम भराभर होते, नवे हाड रचणाऱ्या पेशींचे काम मात्र मागे पडते. या काळात चौकट पोकळ आणि कमकुवत होत जाते. अखेर कूर्चेच्या लगेच खाली हाडाला सूक्ष्म तडा जातो, गोल चपटा होतो आणि वाकड्या गोलावर घासून वाटीची कूर्चाही झिजू लागते. तेव्हापासून तो पूर्ण सांध्याचा संधिवात बनतो.

एक्स-रे सुरुवातीला का फसवतो, याचे उत्तर येथेच आहे. एक्स-रेत हाडातील खनिजे दिसतात आणि ती मृत हाडातही सुरुवातीला तशीच असतात. पेशींचे मरण त्या चित्रात उमटत नाही. एमआरआय तपासणीत अस्थिमज्जेतील चरबी आणि पाणी यांतले बदल दिसतात, म्हणून आजाराच्या अगदी आरंभीही ती बोलकी ठरते.

रक्त अडते ते कशामुळे?

कारणांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिला गट दुखापतीचा. मांडीच्या हाडाची मान मोडली किंवा गोल वाटीतून निखळला की वाहिन्या तुटतात अथवा पिळल्या जातात. रस्त्यावरील अपघातात गुडघा मोटारीच्या डॅशबोर्डवर किंवा समोरच्या वाहनावर आदळून खुबा निखळण्याचे प्रकार घडतात. असा सांधा शक्यतो सहा तासांच्या आत पूर्ववत बसवला जाणे आवश्यक असते, कारण उशिराच्या प्रत्येक तासागणिक एव्हीएनचा धोका वाढतो. अपघातानंतर पाय आखडून आत वळलेला दिसत असेल, तर चोळणे, ओढणे किंवा हाडवैद्याकडे नेणे यांत वेळ न दवडता रुग्णाला थेट मोठ्या इस्पितळात हलवावे. सांधा नीट बसल्यानंतरही एव्हीएन महिन्यांनी, क्वचित दोन-तीन वर्षांनीही प्रकट होऊ शकतो. म्हणून जखम बरी झाली तरी पाठपुराव्याच्या तपासण्या चुकवू नयेत.

तगडे शरीर हे याविरुद्धचे कवच ठरत नाही. अमेरिकेचा नामवंत खेळाडू बो जॅक्सन याला जानेवारी १९९१ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात खुब्याला दुखापत झाली, तेव्हा तो अवघा २८ वर्षांचा होता. त्यातून एव्हीएन उद्भवला, त्याची फुटबॉलची कारकीर्द संपली आणि १९९२ मध्ये त्याला कृत्रिम सांधा बसवावा लागला. १९९३ मध्ये तो बेसबॉलच्या मैदानावर परतला खरा, पण हा अपवाद होता, नियम नव्हे.

दुसरा गट दुखापतीविना होणाऱ्या एव्हीएनचा. त्यात दोन कारणे सर्वांत ठळक आहेत : स्टिरॉइड औषधे आणि मद्य. याखेरीज सिकलसेल, ल्युपससारखे स्वप्रतिकारक आजार, किरणोपचार, रक्त गोठण्याचे काही दोष आणि खोल पाण्यातून घाईने वर येणाऱ्या पाणबुड्यांच्या रक्तात निर्माण होणारे वायूचे बुडबुडे हीही कारणे आहेत. काही रुग्णांत कसून शोधूनही कारण हाती लागत नाही.

सिकलसेलमध्ये विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी सूक्ष्म वाहिन्यांत अडकून बसतात. विदर्भातील आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतील आदिवासी समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू केली. अशा कुटुंबातील तरुणाचा खुबा दुखू लागल्यास एव्हीएनची शक्यता प्रथम पडताळली पाहिजे.

स्टिरॉइड : जीव वाचवणारे आणि जपून वापरायचे

स्टिरॉइड म्हटले की अनेकांना व्यायामशाळेतील इंजेक्शने आठवतात. येथे अभिप्रेत असलेली औषधे वेगळी आहेत. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, मिथाइल-प्रेडनिसोलोन ही दाह आणि अतिरेकी प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे दमा, ल्युपस, मूत्रपिंडाचे काही विकार, त्वचारोग आणि अवयव प्रत्यारोपण यांत वापरली जातात. त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. दीर्घकाळ किंवा मोठ्या मात्रेत दिल्यास मात्र अस्थिमज्जेतील चरबीच्या पेशी फुगतात, हाडाच्या बंदिस्त पोकळीतील दाब वाढतो, सूक्ष्म वाहिन्या चेपल्या जातात आणि अस्थिपेशींचे आयुष्यही घटते. एकूण मात्रा प्रेडनिसोलोनच्या हिशेबाने सुमारे २,००० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की धोका वाढतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

कोविडच्या काळात हा विषय सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे त्यात दिसले. त्या चाचणीतील मात्रा रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस अशी होती. प्रेडनिसोलोनच्या भाषेत ती सुमारे ४०० मिलिग्रॅम भरते. प्रत्यक्षात दुसऱ्या लाटेच्या धांदलीत अनेक ठिकाणी ही औषधे अधिक मात्रेत, अधिक दिवस आणि गरज नसलेल्यांनाही दिली गेली.

पुढे २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी कोविडमधून बऱ्या झालेल्या तीन रुग्णांतील एव्हीएनची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. या रुग्णांना मिळालेली स्टिरॉइडची सरासरी मात्रा ७५८ मिलिग्रॅम, म्हणजे रूढ मर्यादेपेक्षा बरीच कमी होती. कोविडच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांतच त्यांचे खुबे दुखू लागले होते. एरवी स्टिरॉइडनंतर एव्हीएन प्रकट व्हायला सहा महिने ते वर्ष लागते. तीन रुग्णांवरून सर्वांसाठी सिद्धान्त मांडता येत नाही, पण कोविडमुळे रक्त गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती आणि स्टिरॉइड यांचा एकत्र परिणाम होत असावा, या शंकेला त्या नोंदीने बळ दिले. तिघांचेही निदान लवकर झाले होते, ही त्यातील आणखी एक लक्षणीय बाब.

याहून चिंताजनक आहे ते नकळत पोटात जाणारे स्टिरॉइड. सांधेदुखी, दमा किंवा त्वचारोगावर ‘हमखास गुण’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि गोळ्या गावोगाव विकल्या जातात. त्यांतील काहींत स्टिरॉइडची भेसळ आढळल्याची प्रकरणे देशात वेळोवेळी उघड झाली आहेत. दोन दिवसांत दुखणे पळते, भूक वाढते, चेहरा भरल्यासारखा दिसतो आणि औषध ‘लागू पडले’ असा समज होतो. ज्या पुडीवर घटकांची नावे नाहीत, ती घेऊ नये. आधी घेतली असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये.

यासोबत एक सावधगिरी आवश्यक आहे. एव्हीएनच्या भीतीने चालू असलेले स्टिरॉइड स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. शरीराची नैसर्गिक स्टिरॉइड बनवण्याची यंत्रणा तोवर मंदावलेली असते. मात्रा कमी करायची की पर्यायी औषध द्यायचे, हे मूळ आजारावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

मद्याचा हिशेब

गोमंतकात हा विषय टाळून पुढे जाता येणार नाही. येथे मद्य सहज आणि तुलनेने स्वस्त मिळते, आणि ‘घरचे’ म्हणून काही पेये निरुपद्रवी मानली जातात. हाडाला मात्र काजूची फेणी, हुर्राक आणि विदेशी मद्य यांतला फरक कळत नाही. त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते ते पोटात गेलेले एकूण अल्कोहोल. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात आठवड्याला ४०० मिलिलिटरहून अधिक शुद्ध अल्कोहोल घेणाऱ्यांमध्ये एव्हीएनचा धोका न पिणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे दहापट आढळला होता. ४०० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल म्हणजे साधारण ४२ टक्के तीव्रतेच्या मद्याच्या पाच क्वार्टर बाटल्यांहून थोडे अधिक. रोज एक क्वार्टर घेणारा माणूस स्वतःला व्यसनी समजत नाही, पण या हिशेबात तो ती रेषा ओलांडून गेलेला असतो. त्याहून कमी पिणाऱ्यांतही धोका काहीसा वाढलेलाच दिसला होता.

लक्षणे : दुखणे जांघेत, बोट गुडघ्यावर

एव्हीएनचे दुखणे बहुधा जांघेत सुरू होते. काहींना ते नितंबात, मांडीच्या पुढच्या भागात किंवा केवळ गुडघ्यात जाणवते. खुबा आणि गुडघा यांच्या संवेदना काही अंशी एकाच मज्जातंतूंतून जातात, म्हणून मूळ खुब्यात असताना रुग्ण गुडघ्याकडे बोट दाखवतो. गुडघ्याचे एक्स-रे पुन्हा पुन्हा काढले जातात आणि त्यात काहीच सापडत नाही. सुरुवातीला चालताना किंवा जिने चढताना त्रास होतो, पुढे तो विश्रांतीतही आणि रात्रीही सतावतो. काही रुग्णांत आजाराच्या आरंभी अजिबात दुखत नाही.

दैनंदिन व्यवहारातील काही खुणा बोलक्या असतात. मांडी घालून बसताना एक गुडघा उंच राहतो. पायाची नखे कापणे, मोजा चढवणे कठीण होते. दुचाकीवर टांग टाकताना जांघेत कळ येते. उकिडवे बसता येत नाही. तपासणीत डॉक्टर रुग्णाला उताणे झोपवून गुडघा वाकवतात आणि पाय आत-बाहेर फिरवून पाहतात. पाय आतल्या बाजूला फिरवताना अडणे किंवा दुखणे ही खुब्याच्या विकाराची जुनी आणि विश्वासार्ह खूण आहे. मणक्याचे दुखणे असल्यास वेदना बहुधा कंबरेतून पायाच्या मागच्या बाजूने पोटरीखाली जाते आणि तिच्यासोबत मुंग्या किंवा बधिरपणा असतो. हा फरक काही मिनिटांच्या तपासणीत लक्षात येऊ शकतो. मात्र त्यासाठी रुग्णाला तपासणीच्या पलंगावर झोपवून पाहिले जायला हवे.

निदान : एमआरआय कधी करावा?

पहिली तपासणी एक्स-रेचीच असते आणि ती समोरून व बाजूने अशा दोन्ही कोनांतून, दोन्ही खुब्यांची व्हावी लागते. बाजूच्या कोनातून काढलेल्या चित्रात कूर्चेखालचा चंद्रकोरीसारखा तडा अधिक स्पष्ट दिसतो. एक्स-रे निर्दोष असूनही जांघेतील दुखणे दोन-तीन आठवड्यांत थांबले नाही आणि रुग्णाच्या इतिहासात स्टिरॉइड, मद्य, सिकलसेल अथवा खुब्याची जुनी दुखापत असेल, तर एमआरआय लांबणीवर टाकू नये. या तपासणीत किरणोत्सर्ग नसतो. पेसमेकर किंवा शरीरात धातूचे अन्य उपकरण असल्यास ते आधी सांगावे. दुखणे एकाच बाजूला असले तरी दोन्ही खुब्यांचे चित्र घ्यावे, कारण दुसऱ्या बाजूचा आजार न दुखता वाढत असण्याची शक्यता मोठी असते.

एमआरआय आणखी एक काम करतो : दिसायला सारखे पण उपचाराने वेगळे असलेले आजार तो बाजूला काढतो. खुब्याचा क्षयरोग भारतात आजही आढळतो आणि त्याला क्षयाची औषधे लागतात. तरुणांतील मणक्याचा व खुब्याचा दाहक संधिवात वेगळ्या औषधांना दाद देतो. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत आणि मध्यमवयीन पुरुषांत खुब्याच्या हाडाला तात्पुरती सूज येऊन तीव्र दुखते, पण ती काही महिन्यांत आपोआप ओसरते. अशा रुग्णावर एव्हीएनचा शिक्का बसला तर विनाकारण शस्त्रक्रिया होऊ शकते.

आजाराची पायरी ठरवण्यासाठी फ्रान्समधील फिका आणि आर्ले यांची वर्गवारी जगभर वापरली जाते. पहिल्या टप्प्यात एक्स-रे निर्दोष, बदल फक्त एमआरआयमध्ये. दुसऱ्या टप्प्यात एक्स-रेतही हाडाची घनता बदललेली दिसते, पण गोलाचा आकार शाबूत असतो. तिसऱ्यात चंद्रकोरीचा तडा आणि गोल चेपलेला. चौथ्यात वाटीही झिजलेली. रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची सीमारेषा दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यामधली आहे. अलीकडे आणि पलीकडे उपचारांचे स्वरूपच बदलते.

टप्प्याइतकेच महत्त्व बाधित भागाच्या आकाराला आहे. गोलाचा पंधरा टक्क्यांहून कमी भाग बाधित असेल आणि तो भार न पेलणाऱ्या बाजूला असेल, तर गोल कोसळण्याची शक्यता कमी असते. तीस टक्क्यांहून अधिक भाग गेला असेल तर ती बरीच वाढते. उपचाराविना राहिलेले दुखरे खुबे बहुतांशी दोन-तीन वर्षांत चेपले जातात.

गोल शाबूत असताना

या काळातील पहिला उपचार म्हणजे कारण थांबवणे : मद्य आणि धूम्रपान बंद, स्टिरॉइडच्या गरजेचा डॉक्टरांकडून फेरविचार. कुबड्या किंवा काठी वापरल्याने वेदना कमी होते, पण केवळ भार टाळल्याने आजार थांबतो असे दिसून आलेले नाही. वेदनाशामक गोळ्यांचेही तसेच. त्या महिनोन्महिने घेतल्यास पोट आणि मूत्रपिंडाला इजा होते आणि वेदना दबल्यामुळे निदान लांबते.

हाड कुरतडणाऱ्या पेशींना लगाम घालणारी बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे, उदाहरणार्थ अॅलेंड्रोनेट, हा एक पर्याय आहे. पाडापाडी मंदावली तर चौकट टिकून राहील आणि नव्या रचनेला अवधी मिळेल, हा त्यामागचा विचार. भारतात या उपचाराचा बराच अनुभव जमा झाला आहे. तथापि जगभरातील चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काहींत गोल कोसळणे लांबल्याचे दिसले, काहींत फरक पडला नाही. ही औषधे घेणाऱ्याने दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना तशी कल्पना द्यावी, कारण क्वचित प्रसंगी जबड्याच्या हाडावर दुष्परिणाम होतो.

शस्त्रक्रियांत ‘कोअर डिकम्प्रेशन’ ही सर्वाधिक रूढ आहे. मांडीच्या बाजूने हाडात छिद्र पाडून मृत भागापर्यंत पोहोचले जाते, आतला दाब मोकळा होतो आणि नव्या वाहिन्यांना शिरण्यास वाट मिळते. तिचा उगम रंजक आहे. १९६० च्या दशकात फिका आणि आर्ले निदानासाठी गोलातील हाडाचा नमुना काढून घेत असत. नमुना काढल्यावर रुग्णांची वेदनाच कमी होते, असे त्यांच्या लक्षात आले आणि तपासणीचा उपचार झाला. पहिल्या टप्प्यात आणि लहान बाधेत तिचे यश चांगले असते. गोल चेपल्यानंतर मात्र तिचा फारसा उपयोग होत नाही. आज या छिद्रातून रुग्णाच्याच कमरेच्या हाडातील मज्जेतून मिळवलेल्या पेशी सोडण्याची पद्धतही वापरात आहे. तिचे काही निष्कर्ष आशादायक आहेत, परंतु ‘स्टेम सेलने शंभर टक्के खात्री’ अशी जाहिरात करणाऱ्यापासून सावध राहावे. आजाराच्या टप्प्याविषयी न विचारता कोणी खात्री देत असेल, तर ती खात्री पोकळ समजावी.

तरुण रुग्णांत नडगीशेजारच्या बारीक हाडाचा रक्तवाहिनीसह तुकडा गोलात रोपणे, किंवा हाड कापून निरोगी भाग भाराखाली येईल असे फिरवणे, या शस्त्रक्रियाही केल्या जातात. त्या अवघड असून निवडक केंद्रांतच होतात.

गोल कोसळल्यानंतर

तिसऱ्या टप्प्याच्या पुढे, विशेषतः वाटीही झिजली असेल तर, संपूर्ण सांधेरोपण हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. ब्रिटिश शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये आधुनिक कृत्रिम खुब्याचा पाया घातला. तेव्हापासून धातू, प्लास्टिक आणि सिरॅमिक या तिन्हींत मोठी सुधारणा झाली आहे. बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी आधाराने चालवले जाते आणि वर्षानुवर्षांची वेदना बव्हंशी नाहीशी होते.

मग लवकर निदानासाठी एवढी धडपड कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर वयात आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे पंचवीस वर्षे टिकतात. सत्तरीतील रुग्णाला हा आकडा दिलासा देतो. पस्तिशीतील रुग्णाला मात्र तो सांगतो की साठीच्या आसपास दुसरी शस्त्रक्रिया करावी लागण्याची बरीच शक्यता आहे, आणि ती पहिलीपेक्षा अवघड व खर्चिक असते. जंतुसंसर्ग, सांधा निखळणे, पायांच्या लांबीत फरक पडणे, शिरेत रक्ताची गुठळी होणे हे धोके थोडे असले तरी आहेत. उकिडवे बसणे, जमिनीवर मांडी घालून बसणे यांवर सांध्याच्या प्रकारानुसार बंधने येऊ शकतात. शेतात किंवा मासेमारीच्या होडीवर काम करणाऱ्यासाठी हा उपजीविकेचा प्रश्न ठरतो. म्हणूनच स्वतःच्या सांध्याची पाच-दहा वर्षे वाढवून मिळाली तरी त्यांचे मोल मोठे असते. उलट, सांधा पूर्ण बिघडला असताना ‘वय लहान आहे’ म्हणून वर्षानुवर्षे लंगडत राहण्यातही शहाणपण नाही. स्नायू आखडतात आणि कंबर व गुडघाही बिघडतो.

मुलांचे लंगडणे

खुब्याच्या गोलाचा रक्तपुरवठा खंडित होण्याचा एक प्रकार लहान मुलांत आढळतो. ‘पर्थेस’ या नावाने ओळखला जाणारा हा आजार प्रामुख्याने चार ते आठ वर्षांच्या वयात होतो आणि मुलींपेक्षा मुलांत तो कितीतरी अधिक दिसतो. मूल फारसे रडत नाही, फक्त लंगडते किंवा गुडघा दुखतो म्हणते. खेळताना पडले असेल, असे समजून पालक थांबतात. वाढत्या वयात हाडाला नव्याने घडण्याची क्षमता असल्यामुळे योग्य वेळी उपचार झाल्यास गोल पुन्हा चांगला आकार घेऊ शकतो. आठवड्याहून अधिक काळ लंगडणाऱ्या मुलाचा खुबा तपासून घेतलाच पाहिजे. ताप असेल आणि मूल पाय टेकवतच नसेल, तर सांध्यात जंतुसंसर्ग असण्याची शक्यता असते. तेव्हा त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

डॉक्टरांकडे जाताना

राज्यात बांबोळीच्या गोमेकॉत अस्थिरोग विभाग आहे आणि सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवार भागांतूनही रुग्ण तेथे येतात. कुठल्याही इस्पितळात जाताना गेल्या दोन-तीन वर्षांत घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या, कोविडच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड आणि जुने एक्स-रे सोबत न्यावेत. मद्याचे प्रमाण कमी करून सांगू नये. डॉक्टर हा प्रश्न निवाडा करण्यासाठी विचारत नसतात.

निदान झाल्यावर रुग्णाने चार प्रश्न अवश्य विचारावेत. आजार कोणत्या टप्प्यात आहे? गोलाचा किती भाग बाधित आहे? दुसरा खुबा तपासला का? आणि सुचवलेल्या उपचाराने सांधा वाचण्याची शक्यता किती, ती फसल्यास पुढचा मार्ग कोणता? या चार उत्तरांवर रुग्णाला दुसऱ्या तज्ज्ञाचे मतही सहज घेता येते. शस्त्रक्रिया ठरल्यास दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड वैध आहे की नाही आणि निवडलेले इस्पितळ योजनेत समाविष्ट आहे की नाही, हे दाखल होण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

ज्यांनी दीर्घकाळ किंवा मोठ्या मात्रेत स्टिरॉइड घेतले आहे, त्यांनी भीतीपोटी आजच एमआरआयसाठी धाव घेण्याचे कारण नाही. स्टिरॉइड घेणाऱ्या बहुसंख्य लोकांना एव्हीएन होत नाही. मात्र जांघेत, नितंबात किंवा कारण न सापडणारे दुखणे गुडघ्यात सुरू झाले, तर त्यांनी ते अंगावर काढू नये आणि पहिल्याच भेटीत ‘मी स्टिरॉइड घेतले होते’ एवढे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पुढच्या तपासण्यांची दिशा बऱ्याचदा त्या एका माहितीवर ठरते.